रेव्ह. विल्यम रॉबर्टसन स्मिथ: पाळक आणि विश्वकोशाचे संपादक

मुंबईचे डॉ. जॉन विल्सन आपल्या मंडळ्यांना परिचित आहेत. ते ज्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते, त्याच चर्चने आपल्या एका पाळकावर पाखंडाचा खटला चालवला. निमित्त होते विश्वकोशातला एक लेख.

स्मिथ यांचा जन्म १८४६ साली कीग या खेड्यात झाला. वडील तिथले पाळक. मुलाला घरीच त्यांनी शिकवले. १८७० मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, अॅबर्डीनच्या फ्री चर्च कॉलेजात इब्री भाषा व जुना करार शिकवण्यासाठी स्मिथ यांची निवड झाली.

१८७५ मध्ये ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या नवव्या आवृत्तीत त्यांचा ‘बायबल’ हा लेख आला. अनुवाद हे पुस्तक मोशेच्या हातचे नसून पुष्कळ नंतरचे, हे त्यातले मत अनेकांना झोंबले. (त्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात मोशेच्या मृत्यूची हकीकत आहे. ती कोणी लिहिली, हे आमची संडे स्कूलची मुलेही विचारतात, आणि त्यांना गप्प बसवावे असे आम्हाला वाटत नाही.) पवित्र शास्त्र देवाचे वचन आहे, ही श्रद्धा स्मिथ यांनी कधीच सोडली नाही. तरी वाद वर्षानुवर्षे चालला. १८८० च्या महासभेने समज देऊन त्यांना सोडले. पण लगेच विश्वकोशाचा पुढचा खंड निघाला, आणि त्यात इब्री भाषेवरचा त्यांचा आधीच लिहून दिलेला लेख! १८८१ मध्ये प्राध्यापकपद गेले. पाळकपण मात्र राहू दिले. वर्गात नको, पण व्यासपीठावर चालेल, हा न्याय आम्हाला अजून उमगलेला नाही.

ज्या कोशामुळे नोकरी गेली, त्याच कोशाने त्यांना काम दिले. स्पेन्सर बेन्स यांच्या जोडीने ते संपादक झाले. १८८७ मध्ये बेन्स वारल्यावर सारा भार त्यांच्यावर आला. लेखक शोधणे, लेख वेळेवर मिळवणे, मुद्रिते तपासणे, हे सगळे वर्णानुक्रमाने, कारण एक लेख अडला की खंड अडतो. जेम्स फ्रेझर या तरुण मित्राकडून त्यांनी ‘टॅबू’ आणि ‘टोटेमिझम’ हे लेख लिहून घेतले. फ्रेझर यांच्या आयुष्याला त्यातून दिशा मिळाली. १८८८ मध्ये चोविसावा खंड पुरा झाला. याच काळात ते केंब्रिजला अरबीही शिकवत होते आणि तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथपालही झाले होते.

क्षयाने ३१ मार्च १८९४ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते प्रभूमध्ये निजले. त्यांना कीगलाच नेऊन पुरले.