टाराच्या वाड्यात पाणी कोण भरणार?

कादंबरीतल्या गावी जाऊन राहावे, ही वाचकाची ओढ निष्पाप मानली जाते. पण इतिहासाने तिची उलटतपासणी करायलाच हवी.

मार्गारेट मिचेल यांची ‘गॉन विथ द विंड’ १९३६ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या क्लेटन परगण्यात तिने ‘टारा’ हा कापसाचा मळा कल्पिला. तो वाचकांच्या मनात असा भरला, की माणसे टाराचा पत्ता विचारीत तेथे येऊ लागली. टारा कुठेच नव्हता. १९३९ च्या चित्रपटातले पांढरे खांबांचे घर हा कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत उभारलेला दर्शनी देखावा होता. कादंबरीतले घर ओबडधोबड आहे आणि ते गुलामांनी बांधले, हे कादंबरीच सांगते. वाचक तेवढे वाचून पुढे जातो. कारण मनाने तो मालकाच्या दारानेच आत शिरलेला असतो.

माझ्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. म्हणून माझे लक्ष आधी मागच्या दाराकडे जाते. विद्यार्थ्यांनाही मी विचारतो: तुम्हाला तेथे राहायचे आहे ना? मग पाणी कोण भरणार?

उत्तर १८६० च्या शिरगणतीत आहे. जॉर्जियाची लोकसंख्या १०,५७,२८६; त्यांत गुलाम ४,६२,१९८. शंभरांत सुमारे ४४! १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्यातून गेली, मनांतून गेली नाही. १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटात चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा मॅमीची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल यांना वर्णभेदामुळे हजर राहता आले नाही. १९४० साली त्यांना ऑस्कर मिळाले. त्या समारंभातही त्यांचे टेबल वेगळेच होते. २००१ साली ॲलिस रँडल या कृष्णवर्णीय लेखिकेने तीच कथा गुलाम स्त्रीच्या तोंडून सांगितली, तर मिचेल यांचे हक्कदार कोर्टात गेले. अखेर पुस्तक निघालेच.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. त्यांना अमेरिकेतला वाडा दिसला नाही, तुटलेली बेडी दिसली. नवे जग हवेसे वाटणे हा दोष नव्हे. त्या ओढीवाचून चळवळ उभी राहत नाही. प्रश्न एवढाच, की त्या जगाला मागचे दार आहे काय?

आज क्लेटन परगण्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत. तेथल्या एका हमरस्त्याला अजून टाराचे नाव आहे. त्याच रस्त्याने ते आपापल्या घरी जातात.