गिऱ्हाईक न मिळालेलें बदक

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकाजवळ, ईस्ट नदीच्या धक्क्यालगत, १८२२ सालीं फुल्टन मार्केट नांवाचा बाजार सुरू झाला. लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर मारलेलीं पाणपांखरें तेथें विकावयास टांगलेलीं असत. जॉर्ज लॉरेन्स या पक्षिशास्त्रज्ञानें आपल्या उतारवयांत, चाळीसएक वर्षांपूर्वींची म्हणून, या बाजाराची एक आठवण लिहून ठेविली आहे. काळ्यापांढऱ्या रंगाचे सहा सुरेख नर त्यानें तेथें एकाच वेळीं टांगलेले पाहिले होते. त्यांना गिऱ्हाईक मिळेना. खाण्यास तें बदक रुचकर समजत नसत, आणि संग्राहकांजवळ त्याचे नमुने पुरेसे होते. अखेर तीं सहाहि बदकें टांगल्या जागींच नासून गेलीं.

हें लॅब्रॅडॉर बदक होय. आज जगांतील सारीं संग्रहालयें धुंडाळलीं, तर त्याचे जतन केलेले अवघे पंचावन्नएक नमुने भरतात. जिवंत मात्र एकहि नाहीं.

ग्मेलिन या जर्मन पंडितानें १७८९ सालीं या पक्ष्याचें शास्त्रीय नामकरण केलें. हिवाळ्यांत तो उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरे आणि वाळूच्या उथळ पट्ट्यांवर चरे. त्याची चोंच टोंकाकडे रुंद व कडेला मऊ असून आंत बारीक पापुद्र्यांची दाटी होती. तळाच्या चिखलावाळूंतून लहान शिंपले वेंचून काढण्याचेंच तें साधन असावें. कोळ्यांनीं शिंपल्याचें आमिष लाविलें, तर हें बदक कधीं कधीं त्यांच्या गळालाहि लागे. म्हणजे माणसाच्या वाटेवरचेंच हें पांखरूं. परंतु तें अंडीं कोठें घालतें, हें कोणीं पाहून ठेविलें नाहीं. प्रसिद्ध पक्षिचित्रकार ऑडबन १८३३ सालीं लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्यावर गेला. पण त्या प्रदेशाचें नांव धारण करणारा हा पक्षी त्याला तेथें एकदांहि जिवंत दिसला नाहीं. त्याच्या मुलाला कांहीं रिकामीं घरटीं त्याचीं म्हणून दाखविण्यांत आलीं, एवढेंच. ऑडबननें चित्र काढलें तें डॅनिएल वेब्स्टर या मुत्सद्द्यानें दिलेल्या मृत जोडीवरून. पुढें संग्रहालयांतून या बदकाचीं म्हणून कांहीं अंडीं जपून ठेवण्यांत आलीं. अलीकडे त्यांच्या जनुकद्रव्याची तपासणी झाली, तेव्हां तपासलेलीं अंडीं दुसऱ्याच बदकांचीं निघालीं.

खरा शोध सुरू झाला तो फार उशिरां. १८७५ च्या शरद ऋतूंत लाँग आयलंडवर एक बदक मारलें गेलें. खात्रीचा असा हाच शेवटचा नमुना. त्यानंतर १८७८ च्या डिसेंबरांत, समुद्रापासून दूर, शेमंग नदीकांठच्या एल्मायरा गांवीं एका मुलानें एक अनोळखी बदक मारल्याची वार्ता आहे. तेथील एक जाणता डॉक्टर तें पाहावयास धांवला. परंतु तो पोंचेपर्यंत त्या घरचें जेवण आटोपलें होतें. शिल्लक राहिलेलें डोकें व मानेचा भाग त्यानें मिळविला, पण पुढें तोहि हरवला. म्हणूनच ही नोंद सर्वांनाच मान्य नाहीं. १८९० नंतर विल्यम डचर यानें नमुन्यांची शिरगणती सुरू केली, आणि तिच्यासाठींच लॉरेन्सनें वरील आठवण कळविली. हाच डचर १९०५ सालीं पक्षिसंरक्षण करणाऱ्या ऑडबन मंडळांच्या राष्ट्रीय संघाचा पहिला अध्यक्ष झाला. त्या देशांत स्थलांतरी पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा १९१८ सालीं झाला. पण तोंपर्यंत लॅब्रॅडॉर बदक जाऊन चाळीस वर्षें लोटलीं होतीं.

हें बदक नष्ट कां झालें? कोणी शिकारीकडे बोट दाखवितात, कोणी अंडीं व पिसें लुटणाऱ्यांकडे, तर कोणी शिंपल्यांच्या ऱ्हासाकडे. निर्णय लागत नाहीं, कारण पुरावा गोळा करण्याच्या काळांत तो गोळा करावा असें कोणाला वाटलेंच नाहीं.

आपल्या देशांतहि असेंच एक उदाहरण आहे. गुलाबी डोक्याचें बदक हिंवाळ्यांत कलकत्त्याच्या बाजारांत विक्रीला येत असे. दरभंग्याकडील १९३५ ची नोंद प्रसिद्ध आहे; १९४९ नंतर मात्र त्याची निर्विवाद नोंद कोठेंच झालेली नाहीं. ब्रह्मदेशांतील दलदलींत आणि सरोवरांवर २००३ पासून अनेक मोहिमा गेल्या. एके काळीं शहरच्या बाजारांत दिसणाऱ्या पांखरासाठीं माणसें आतां निबिड रानांतील पाणी धुंडाळीत आहेत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रकार परका वाटूं नये. वाड्यांच्या माळ्यांवर मोडी दप्तरांचे ढीग पडलेले असतां कागद वाण्याच्या पुड्यांना जात, आणि मग एकेका चिटोऱ्यासाठीं संशोधक गांवोगांव हिंडत. आपल्या घरींहि असे कागद कितीएकांच्या पाहण्यांत गेले असतील. नाश नेहमीं द्वेषानेंच होतो असें नाहीं. पुष्कळदां तो ‘पुरेसें आहे’ या समाधानानें होतो. फुल्टन बाजारांतील त्या सहा बदकांवर कोणाचा राग नव्हता. त्यांतल्या एकाचें कातडें काढून ठेवावयास एखाद्या संग्राहकाला फारसा खर्चहि आला नसता. त्या दिवशीं मात्र तीं कोणालाच नको होतीं.