वेरूळच्या मातांच्या मांडीवरील मूल

वेरूळच्या ज्या चौदाव्या लेण्यास लोक ‘रावण की खाई’ म्हणतात, त्याच्या दक्षिणेकडील भिंतीवर सप्तमातृका ओळीनें बसल्या आहेत. आसनांखालीं हंस, बैल, मोर, गरुड, वराह, हत्ती, घुबड अशीं वाहनें कोरलेलीं असल्यामुळें ब्राह्मीपासून चामुंडेपर्यंतचीं नांवें जुळवितां येतात. सुशिक्षित प्रेक्षक तेवढें करून समाधानानें पुढें जातो. मांडीवरच्या मुलाकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें.

वस्तुतः विचारण्याजोगी गोष्ट तीच आहे. देवीमाहात्म्यांतील मातृका म्हणजे देवांच्या देहांतून युद्धासाठीं निघालेल्या शक्ति; शुंभ-निशुंभांच्या सैन्याशीं झुंजणाऱ्या या देवतांपाशीं लेंकरूं नाहीं. मग शिल्पकारानें तें कोठून आणिलें?

उत्तर मथुरेस सांपडतें. तेथील कुषाणकालीन शिलापट्टांवर ज्या माता दिसतात, त्यांना ना वाहन, ना नांव. कित्येकींचीं मुखें पशूंचीं वा पक्ष्यांचीं, आणि जवळ मूल. महाभारताच्या वनपर्वांत यांची ओळख पटते. बालस्कंदाच्या वधासाठीं इंद्रानें पाठविलेल्या मातांना त्याला पाहून पान्हा फुटतो. परंतु त्याच पर्वांत पुढें माता लोकांचीं मुलें भक्ष्य म्हणून मागतात. आणि स्कंद रक्षणाची विनंती करूनही, सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना पीडा देण्याची त्यांना मुभा देतो! तान्हें मूल दगावणें ज्या समाजांत नित्याचें होतें, त्यानें मारणारी आणि तारणारी एकच मानावी, यांत मला रानटीपणा दिसत नाहीं, अनुभव दिसतो.

पुढें या मातांना राजाश्रय मिळाला. इ. स. ४२३-२४ च्या गंगधार शिलालेखांत मयूराक्षक नांवाच्या अमात्यानें विष्णूच्या मंदिराबरोबरच मातांचेंही मंदिर बांधल्याचें सांगितलें आहे, आणि तें डाकिनींनीं भरलेलें आहे असें वर्णिलें आहे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत नियम घातला, कीं मातांना ज्याच्या त्याच्या नांवाच्या देवाचीं चिन्हें द्यावींत. बदामीच्या चालुक्यांनीं तर सप्तमातांनीं आपलें पालन केल्याचें ताम्रपटांतून अभिमानानें लिहविलें. त्यांच्याच राज्यांतील ऐहोळेच्या रावणफडी लेण्यांत माता शिवाबरोबर नाचतात. त्यांच्या कडेवर मूल नाहीं. वेरूळच्या कारागिरानें वाहनें नवीं घेतलीं, पण जुनें मूल सोडलें नाहीं.

आमच्याकडे पांचव्या रात्रीं सटवाई पुजतात, ती याच गोतांतली; षष्ठी हें नांव स्कंदाच्याच परिवारांतलें. पाटा-वरवंटा पुजून कोरा कागद व लेखणी ठेवतात, कारण ती बाळाचें भविष्य लिहिणार. मात्र घरांतल्या वडीलधाऱ्या बायका त्या रात्रीं दिवा विझूं देत नाहींत, आणि बाळाला एकटें सोडीत नाहींत.