फसलेल्या उपासाची कमाई

स्थूल माणसाला आठवडेच्या आठवडे उपाशी ठेवून बारीक करायचा उपचार 1960च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मोठ्या रुग्णालयांत राजरोस चालत असे. पाणी, जीवनसत्त्वे आणि थोडे क्षार, बाकी काही नाही; आपल्या ‘एकादशी, दुप्पट खाशी’शी त्याचे दूरचेही नाते नव्हते. उपचार म्हणून तो फसला. तरीही उपाशी शरीर चरबी कशी वापरते याचे आपले पक्के ज्ञान बरेचसे त्याच वॉर्डांतून आले, हे मान्य करायला हवे.

तेव्हाची समजूत अशी की मेंदू फक्त ग्लुकोजवर चालतो आणि त्याला रोज 100 ते 120 ग्रॅम ग्लुकोज लागते. यकृतातला साठा एक-दोन दिवसांत संपतो आणि मेदाम्लांपासून ग्लुकोज बनवता येत नाही. म्हणजे मोडायचे ते स्नायूच. हा हिशेब खरा असता तर दोन-तीन आठवड्यांत रुग्णाने अंथरूण धरले असते. प्रत्यक्षात महिनाभर उपाशी राहिलेली माणसे हिंडत-फिरत होती, आणि लघवीतून जाणारा नत्र, म्हणजे मोडलेल्या प्रथिनांची खूण, दिवसेंदिवस घटत होता. 1967 मध्ये ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये याचा उलगडा केला. पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या तीन स्थूल रुग्णांच्या मानेतल्या शिरेत बारीक नळी सरकवून त्यांनी मेंदूतून परतणारे रक्त घेतले आणि धमनीतल्या रक्ताशी ताडून पाहिले. मेंदूची बरीचशी गरज कीटोन भागवत होते. उपासात इन्शुलिन उतरते, चरबीच्या पेशी मेदाम्ले सोडतात, यकृत त्यांचे कीटोन बनवते आणि स्नायूंवरचा भार हलका होतो. मधुमेहातले विष म्हणून बदनाम झालेले हेच ते कीटोन!

तीन रुग्णांवरून एवढा निष्कर्ष? शंका रास्त आहे. पण नत्र घटल्याची नोंद बोस्टनमध्येच फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी 1912 साली, 31 दिवस उपाशी राहिलेल्या एका सडपातळ माणसातही केली होती. नव्या मोजणीने तिचे कारण सापडले. मग चरबी इतकी सुरळीत जळत असताना उपचार सोडला का? बाजू मांडणारे डंडीत उपचार घेतलेल्या अँगस बार्बिएरींचे नाव घेतात: 1965-66 मध्ये 382 दिवस उपास, वजन 207 किलोवरून 82, आणि पाच वर्षांनीही ते फारसे वाढले नाही. मात्र हा अपवाद होता. चरबीबरोबर थोडी प्रथिने जातच राहतात, हृदयाचा स्नायूही त्यातून सुटत नाही. ब्रिटनमध्ये अशा उपासानंतर एक तरुणी दगावल्याची नोंद 1969 ची आहे. जे वाचले त्यांचे वजन परतले. लॉस एंजेलिसच्या अर्न्स्ट ड्रेनिक यांनी उपास करवलेल्या 207 रुग्णांचा आढावा 1977 मध्ये प्रसिद्ध झाला: निम्मे जण दोन-तीन वर्षांत मूळ वजनावर आले होते, आणि घटवलेले वजन टिकवणारे निघाले फक्त 7.