बदली : हॉकीच्या मैदानावरील एका मागणीचा इतिहास



मैलूरच्या या शाळेने स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण केले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. सारा जन्म मराठीच्या अध्यापनात घालवलेल्या माणसाने हॉकीविषयी बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. मी खेळाडू नव्हतो. खेळाचा जाणकार असल्याचा दावाही करीत नाही. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या हाताखालून गेलेली मुले आज हैदराबाद, लातूर, पुणे, बंगळूर अशी चहूकडे पांगली आहेत. त्यांपैकी कित्येक आज समोर बसली आहेत. अधिक संधीसाठी आपले ठिकाण सोडणारा तरुण हा आपल्या सीमाभागाचा नित्याचा विषय आहे. हॉकीच्या इतिहासात तो विषय फार स्पष्ट दिसतो, म्हणून मी तो निवडला.

आरंभी शब्दाचा थोडा विचार करू. ‘बदल’ हा मूळ अरबी शब्द. फारसी-उर्दूच्या सहवासाने तो मराठीत रुळला आणि त्यापासून आपण ‘बदली’ घडवला. सरकारी नोकराची एका गावाहून दुसऱ्या गावी होते ती बदली. आणि मूळ माणूस आला नाही म्हणून त्याच्या जागी उभा राहतो तोही बदली, मग तो गिरणीतला कामगार असो वा मैदानाबाहेरच्या बाकावर ताटकळणारा गडी. होतकरू खेळाडूचे दुःख या दोन अर्थांच्या मध्ये आहे. तो बदली म्हणून बसून राहतो, आणि म्हणून बदली मागतो. प्रश्न असा की, ही मागणी त्याने कोणाकडे करावी, आणि तिची किंमत कोणी मोजावी?

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाला व्यापाराचे उत्तर मिळाले. कॅनडा व अमेरिका यांच्यातील बर्फावरील हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये १९६३ पासून संघ पाळीपाळीने होतकरू मुलांची निवड करतात. निवडलेल्या मुलावर त्या संघाचा हक्क बसतो; तो संघ हवा तर त्या हक्काची दुसऱ्या संघाशी देवघेव करतो. १९९१ साली क्वेबेकच्या संघाने एरिक लिंड्रोस या अठरा वर्षांच्या मुलाची सर्वप्रथम निवड केली. त्याने तेथे खेळण्यास साफ नकार दिला व वर्षभर तो हटून बसला. क्वेबेक फ्रेंच भाषकांचे. त्यांना वाटले, हा इंग्रजी भाषक मुलगा आमच्या भाषेला नाकारतो आहे. लिंड्रोसने पुढे सांगितले की आपला आक्षेप भाषेला नव्हता, संघाच्या मालकाला होता. सीमाभागातील आपणा लोकांना या वादाचा सूर परका वाटू नये. अखेर १९९२ साली लवादाच्या निर्णयाने तो फिलाडेल्फियाला गेला, आणि त्याच्या मोबदल्यात क्वेबेकला सहा खेळाडू, पुढील निवडीचे दोन हक्क व दीड कोटी डॉलर मिळाले. त्या सहांमध्ये पीटर फोर्सबर्ग हा स्वीडनचा तरुण होता. पुढे त्याच बळावर त्या संघाने १९९६ चा स्टॅन्ली चषक जिंकला. परंतु तत्पूर्वी, १९९५ मध्ये, संघच क्वेबेक सोडून डेन्व्हरला गेला होता. लिंड्रोसला तो चषक कधीच मिळाला नाही. देवघेव चोख झाली, हिशेब लिहिला गेला. तरी विजय मात्र क्वेबेकच्या लोकांच्या वाट्याला आला नाही.

आपल्याकडे मैदानी हॉकीत असा लिखित हिशेब दीर्घकाळ नव्हताच. आपला खेळाडू विकला जात नसे. तो नोकरीला लागत असे. संघ म्हणजे लष्कर, रेल्वे, पोलीस, कस्टम्स, विमान कंपनी किंवा कारखाना. ज्याला संघ बदलायचा, त्याने नोकरी बदलावी. ध्यानचंद १९२२ मध्ये, सोळाव्या वर्षी, लष्करात शिपाई म्हणून दाखल झाले आणि तेथेच खरे खेळू लागले. बलबीरसिंग यांच्याबाबत तर उलटाच प्रकार घडला. प्रशिक्षक हरबेलसिंग यांनी घरच्यांची समजूत घालून त्यांना लाहोरच्या महाविद्यालयातून अमृतसरच्या खालसा महाविद्यालयात आणले. पुढे पंजाब पोलिसांना ते आपल्या संघात हवे होते आणि त्यांना पोलीस खाते नको होते. ते दिल्लीला जाऊन बांधकाम खात्यात नोकरीस लागले, तेव्हा पोलीसप्रमुख जॉन बेनेट यांनी त्यांना चक्क पकडून आणवले व संघात घेतले! याच बलबीरसिंगांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात हॉलंडविरुद्ध भारताच्या सहापैकी पाच गोल केले. हकीकत गमतीची आहे. पण तिच्यातून एवढे कळते की खेळाडूच्या बदलीत त्याची स्वतःची इच्छा ही सर्वांत शेवटी विचारली जाणारी गोष्ट होती.

लेस्ली क्लॉडियस यांचे उदाहरण अधिक सुखद आहे. बिलासपूरचा हा मुलगा खरगपूरला रेल्वेच्या छत्राखाली फुटबॉल खेळत होता. १९४६ च्या सुमारास हॉकीच्या सरावात एक गडी कमी पडला, आणि १९३२ च्या ऑलिंपिक संघातील डिकी कार यांनी या फुटबॉलपटूला मैदानात उतरवले. बदली म्हणून उभा राहिलेला तो गडी १९४८ ते १९६० पर्यंत चार ऑलिंपिक खेळला व तीन सुवर्ण आणि एक रौप्य पदक घेऊन आला. संधी देण्यास कधी कधी एवढेच पुरते : कोणीतरी जाणत्याने बाकाकडे पाहावे लागते.

त्या काळी एक गोष्ट अनुकूल होती. कोणत्याही गावचे मातीचे मैदान हे ऑलिंपिकच्या मैदानाचे सख्खे भावंड होते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. त्या वर्षी भारत सातव्या क्रमांकावर घसरला. या पराभवाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु त्याच्या दुसऱ्या परिणामाकडे फारसे कोणी पाहिले नाही. कृत्रिम हिरवळ महाग. ती मोजक्या शहरांतच अंथरली गेली. मातीवर खेळणाऱ्या मुलाला आता नुसते कौशल्य पुरेना; हिरवळ असेल तेथे त्याला जावे लागे. गाव सोडणे ही पूर्वी महत्त्वाकांक्षा होती, ती आता अट झाली.

या अटीला तोंड देणाऱ्या पिढीचे प्रतिनिधी म्हणजे धनराज पिल्ले. जन्म १६ जुलै १९६८, पुण्याजवळच्या खडकीचा. घर तमिळ, गाव मराठी. वडील दारूगोळा कारखान्याच्या परिसरातील मैदानाची देखभाल करीत. भावंडे मोडक्या स्टिका दोरीने बांधून आणि मोठ्यांनी टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळत. खडकीला हॉकीची परंपरा होती. १९३६ च्या बर्लिनच्या सुवर्णविजेत्या संघातील बाबू निमल तेथलेच. परंतु परंपरेने पोट भरत नाही आणि निवडसमितीचे लक्षही वेधले जात नाही. थोरले बंधू रमेश प्रथम मुंबईस गेले आणि राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या संघाकडून तेथील लीगमध्ये खेळू लागले. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास धनराज त्यांच्यापाठोपाठ गेले. भावाच्या मार्गदर्शनाखाली ते आघाडीचे खेळाडू म्हणून घडले. मग महिंद्र अँड महिंद्रच्या संघात गेले व तेथे जोकिम कार्व्हालो यांच्याकडून शिकले. डिसेंबर १९८९ मध्ये ते भारताकडून खेळू लागले.

या प्रवासात लवाद नाही, कोट्यवधींची देवघेव नाही, वकील नाही. खडकी ते मुंबई हे अंतर रेल्वेने काही तासांचे. पण ते ओलांडले गेले ते अगोदर गेलेल्या एका भावामुळे. आपल्याकडील बदलीची खरी यंत्रणा ही होती : आधी गेलेला माणूस मागच्यासाठी जागा धरून ठेवतो. धनराज १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक व १९९० ते २००२ या काळात चार विश्वचषक खेळले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताला बत्तीस वर्षांनी सुवर्ण मिळाले. आणि लगेच पुढच्याच मालिकेतून कर्णधारासह अनेकांना वगळण्यात आले! ज्या मुलाने संधीसाठी घर सोडले, त्याला शिखरावर पोहोचल्यावरही बाक सुटला नाही. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, मलेशिया येथील क्लबांचे दरवाजे मात्र त्यांना उघडे होते.

पुढे व्यापाराची रीत आपल्याकडेही आली. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. तिचे पहिल्या वर्षाचे सामने हैदराबादेत झाले आणि हैदराबादच्याच संघाने ती जिंकली. मराठा वॉरियर्सचे नेतृत्व धनराज यांच्याकडे होते. ती २००८ पर्यंत टिकली. २०१३ मध्ये लिलाव पद्धतीची हॉकी इंडिया लीग आली, २०१७ नंतर थांबली आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. या लिलावांमुळे खेळाडूला त्याचे मोल मिळू लागले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु लिलावात बोली लागते ती ओळखल्या गेलेल्या गुणांवर. ज्याचे नाव अद्याप कोणी ऐकलेले नाही, त्याच्या हाती आजही एक अर्ज आणि एक दाखला एवढेच असते.

मित्रहो, आपला बीदर जिल्हाच एकदा बदलीवर गेलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद मैसूर राज्यात आले. मामा एका राज्यात आणि भाचा दुसऱ्या राज्यात, अशी घरे येथे घरोघर आहेत. मराठीत शिकलेल्या आमच्या मुलांना पुढच्या शिक्षणासाठी कोठेतरी जावेच लागे, मीही गेलो. त्यामुळे कोणी सोडून जाण्याची भाषा केली की आमच्या मनात एक जुनी भीती जागी होते : सारेच गेले तर मागे उरणार कोण?

या भीतीपोटी मी एकदा चूक केली. ती आज सांगितली पाहिजे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात शिकवीत होतो आणि क्रीडासमितीचे काम, खेळातले काही कळत नसताना, माझ्याकडे आले होते. एक विद्यार्थी हॉकी उत्तम खेळे. आमच्याकडे अकरा गडी जेमतेम जमत. सामने वर्षाकाठी चार-दोन. हैदराबादेत एका संघाने त्याला चाचणीसाठी बोलावले होते. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मला दाखला मिळवून द्या. तिथं रोज खेळायला मिळेल.” मी त्याला वर्ष पूर्ण करण्यास सांगितले. आंतरमहाविद्यालयीन सामने तोंडावर होते. तो गेला तर संघच उभा राहिला नसता. मी त्याला निष्ठेवर बरेच ऐकवले, थोरांची उदाहरणे दिली. तो मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला, “बरं सर.” त्या वर्षी आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. पुढच्या वर्षी तो हैदराबादला गेला तेव्हा वयाची मर्यादा उलटली होती. नंतर तो शेतीत रमला. भेटला की आजही वाकून नमस्कार करतो. त्याने मला कधी बोल लावला नाही, आणि तेच मला जड जाते.

मराठीत ‘दाखला’ म्हणजे प्रमाणपत्र, आणि ‘दाखला’ म्हणजे दृष्टान्तही. त्या मुलाने मजकडे पहिला मागितला होता. मी त्याला दुसरे देत बसलो. त्याचा निष्ठेशी झगडा नव्हता. खेळायला मिळावे, एवढेच त्याचे मागणे होते. निष्ठा मी माझ्या सोयीसाठी मध्ये आणली.

इतिहासातून मला जे उमगले ते थोडक्यात सांगतो. जाणारा जातो तेव्हा मागे राहणाऱ्यांचे काही हरवते, हे खरे. क्वेबेकचे हरवले, खडकीचेही हरवले असेल. परंतु बसवून ठेवलेल्या गुणाचा लाभ कोणालाच होत नाही. खडकीतून एक भाऊ गेला म्हणून दुसरा जाऊ शकला. जो गेला त्याने मागच्यासाठी दार उघडे ठेवले, तर सोडून जाणे हीही गावाची सेवाच ठरते. तेव्हा शाळेने मुलाला वेळेवर दाखला द्यावा, आणि समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनी जेथे असतील तेथे एका मुलापुरती जागा धरून ठेवावी. हैदराबादेत, पुण्यात, बंगळुरात एखादी खोली, एखादी ओळख, चाचणीच्या दिवशी बरोबर येणारा एक माणूस : रमेश पिल्ले यांनी आपल्या भावासाठी याहून वेगळे काय केले?

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी बाकावर बसून कंटाळला असेल, तर निःसंकोच मागा. मागणे हा अपराध नाही. ज्यांच्याकडे मागाल त्यांनी वेळेवर द्यावे, एवढीच प्रार्थना मी आज, उशिरा का होईना, गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून करतो आणि आपली रजा घेतो.