राजकन्येची रोजनिशी आणि भूदासांचा अर्ज

रशियन राजघराण्यातील स्त्रियांवर किशोरांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या मी आवर्जून वाचतो. क्रिस्टियाना ग्रेगरी यांची ‘कॅथरीन : द ग्रेट जर्नी’ (२००५) ही राजकन्येच्या काल्पनिक रोजनिशीच्या रूपात आहे. राजकन्येचे दुःख खोटे आहे, असे मी म्हणणार नाही. चौदा वर्षांची जर्मन सोफी १७४४ मध्ये परक्या दरबारात आणली गेली. तिचा धर्म बदलला, नाव बदलले. १७४५ मध्ये लग्न लागले. हा सौदाच होता.

पण हीच मुलगी १७६२ मध्ये सम्राज्ञी झाली. त्याच वर्षी सावेली मार्तिनोव्ह आणि येर्मोलाय इल्यिन या दोन भूदासांनी तिच्याकडे अर्ज केला. त्यांची मालकीण दार्या साल्तिकोवा भूदासांना मारहाण करून ठार करीत होती. इल्यिनच्या तीन बायका तिने मारल्या होत्या. १७६८ मध्ये ३८ खून शाबीत झाले. मेलेल्यांत बहुतेक बायका आणि मुलीच होत्या. मालकिणीला जन्मठेप झाली.

न्याय झाला खरा. पण ती वाट १७६७ मध्येच बंद झाली होती. भूदासाने मालकाविरुद्ध थेट सम्राज्ञीकडे अर्ज केला तर चाबकाचे फटके आणि नेर्चिन्स्कला सक्तमजुरी, असे फर्मान निघाले होते.

म्हणून मी विचारतो : राजकन्येला रोजनिशी देणाऱ्या कल्पनेने तिच्या खोलीतील चूल पेटवणाऱ्या मुलीला का वगळावे? त्या मुलीचे तोंड फर्मानाने बांधले होते. आजच्या लेखकाला ते फर्मान लागू नाही.