मुखत्यारीचा संप

पॅरिसच्या महापालिकेसमोरच्या चौकाचं जुनं नाव ‘प्लास द ग्रेव्ह’. ग्रेव्ह म्हणजे नदीकाठचं वाळवंट, आपल्या चंद्रभागेला आहे तसं. काम शोधणारे मजूर तिथं जमायचे. आपल्याकडचा मजूरनाकाच म्हणा ना! त्या जागेवरून फ्रेंचमध्ये संपाला ‘ग्रेव्ह’ म्हणू लागले. आपला ‘संप’ शब्द शेजारच्या गुजरातीत मात्र एकोपा या अर्थानं वापरतात. १९९५ च्या हिवाळ्यात पॅरिसनं हे दोन्ही अर्थ एकत्र पाहिले.

१५ नोव्हेंबरला पंतप्रधान आलँ जुपे यांनी सामाजिक सुरक्षेची नवी योजना संसदेत मांडली. आरोग्यविम्याची तूट भरून काढायची होती. त्याच गाठोड्यात पेन्शनही होतं. रेल्वे, मेट्रो आणि सरकारी खात्यांतल्या लोकांना पूर्ण पेन्शनसाठी साडेसदतीसऐवजी चाळीस वर्षं वर्गणी भरावी लागणार होती. सरकारचा हिशेब अगदीच खोटा नव्हता. रेल्वेत काम करणारे कमी आणि पेन्शनर जास्त झाले होते. पण तो कामगारांशी न बोलता मांडलेला हिशेब होता.

२४ नोव्हेंबरपासून गाड्या थांबल्या. मेट्रो, बस, टपाल सगळं अडलं. तीन आठवडे थंडीत लोक पायी, सायकलवर, कुणाच्या तरी मोटारीत दाटीवाटीनं कामावर जात राहिले. हे लोक चिडतील, अशी सरकारला आशा होती. कारण खासगी नोकरदारांना चाळीस वर्षांची अट १९९३ मध्येच लागू झाली होती आणि तेव्हा मोठा संप झाला नव्हता. मग रेल्वेवाल्यांचे लाड कशाला? पण जनमत चाचण्यांत बहुसंख्य लोक संपकऱ्यांच्याच बाजूनं दिसले. नोकरी जाईल या धास्तीनं ज्यांना स्वतः संप करता येत नव्हता, त्यांच्या वतीनं रेल्वेवाले तो करत होते. फ्रेंचांनी त्याला नाव दिलं, मुखत्यारीचा संप.

संघटनांत मात्र फूट होती. ‘सेएफडेटे’च्या नेत्या निकोल नोता यांनी योजनेतल्या आरोग्यसुधारणांना पाठिंबा दिला. उलट समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए १२ डिसेंबरला गार द लिऑं स्थानकावर येऊन रेल्वे कामगारांच्या बाजूनं बोलले.

१५ डिसेंबरला जुपे यांनी पेन्शनचा भाग मागे घेतला. आरोग्यविम्याच्या सुधारणा राहिल्या, उत्पन्नावर अर्धा टक्का नवा करही बसला. १९९७ च्या निवडणुकीत त्यांची सत्ता गेली. ती चाळीस वर्षं रेल्वे कामगारांच्या वाट्याला अखेर २००८ पासून टप्प्याटप्प्यानं आलीच. मधल्या बारा वर्षांत जे जुन्या नियमानं निवृत्त झाले, त्यांना तो नियम मिळाला तो या तीन आठवड्यांमुळे.